घाटाचा राजा आणि बिनब्रेकची सायकल

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पाहुणे येतात ते शिवनेरीसाठी, लेण्याद्रीसाठी, भीमाशंकरसाठी, नाहीतर पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला. आम्ही यंदा फेब्रुवारीत या भागात फिरलो ते सायकलींच्या पायी. त्याला कारण आमच्या अभ्यासिकेतली मुले. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी असे पाच दिवस देशोदेशींचे स्वार जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून धावले. मुलांनी ती मोबाईलवर पाहिली आणि लगेच एकाने विचारले, "काका, ते दुसरं असतं ना, मोठ्या वाटीत गोल फिरतात ते? त्या सायकलीला ब्रेक नसतो म्हणे. खरं का?"

खरे होते. पण नुसते 'हो' म्हणून मुलांचे समाधान होईना. मग शनिवार-रविवारची सुटी, त्याला जोडून एक किरकोळ रजा असा हिशेब जमवला आणि बेत ठरला. डिंभे धरणापासून निघायचे, घोडेगाव, मंचर, नारायणगाव करत सायकलींवर जुन्नर गाठायचे, लेण्याद्री पाहायची आणि तिथून टेंपोने बालेवाडीला जाऊन तो सायकलींचा ट्रॅक डोळ्यांनी बघायचा. आम्ही तिघे कार्यकर्ते, मुले सात, त्यांत मुली तीन. सायकली मिळतील तशा. दोन गिअरच्या, बाकी साध्या.

डिंभ्याला सकाळी धरणाच्या पाण्यावर धुके होते. आंबेगाव तालुका म्हणतो आपण, पण ते आंबेगाव याच पाण्याखाली गेले. गाव बुडाले, नाव तालुक्याला राहिले आणि कचेरी घोडेगावात. आमच्यातल्या एका मुलीची वाडी या पाण्याच्या कडेलाच आहे. वय वर्षे बारा, इयत्ता सातवी. चुलत्याची काळी, उंच, दांडीची सायकल घेऊन ती आली. सीटवर बसून तिचे पाय पुरत नाहीत, म्हणून ती दांडीवर पुढे सरकून उभ्यानेच पायडल मारते. पायात रबरी चप्पल. शाळेला जाता-येता चढ-उतार तिला रोजचेच आहेत. शिनोलीकडे जाताना एक चढ लागला, तिथे गिअरवाले दोघे उतरून हातात सायकल धरून चालू लागले. ही पोरगी वर पोचून आमची वाट बघत हिरड्याच्या झाडाखाली उभी. हिरडा म्हणजे या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न. बाळहिरडा वेचायचे दिवस तोंडावर आले होते आणि घरातले लहानमोठे सगळे हात त्यात लागतात. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून इथेच सांगून ठेवतो.

घोडेगाव सोडले की डोंगर मागे पडतो आणि ऊस सुरू होतो. उसाबरोबर बिबट्याही आला. वाचकांनी बातम्या वाचल्याच असतील. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि या चारही तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, तिथेच पिले घालतो. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. शहरातला सायकलपटू सराव करतो तो पहाटे, रस्ता रिकामा असताना. इथे पहाटे आणि तिन्हीसांजेला लेकराला एकटे सायकलवर सोडायला आईबाप धजत नाहीत, आणि त्यांचे चूक नाही. दिवस वर आला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पिकअप. म्हणजे सरावाची वेळ कोणती, हा प्रश्न खेळाच्या कुठल्या पुस्तकात नसेल, पण आंबेगावात तो पहिला आहे. आम्ही स्वतः घोडेगाव-मंचर रस्त्याला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि तरी एक मावशी बांधावरून ओरडल्या, "पोरांना मधी घ्या रं, मागं कुणी ठेवू नगा!"

कळंबला चहाला थांबलो. बाजूला भिंतीवर बैलगाडा शर्यतीचा मोठा फलक होता. मुलांना वाटीतल्या शर्यतीचे कोडे उलगडून सांगायला आम्हांला तोच फळा मिळाला.

या भागात बैलगाड्याबद्दल कुणाला शिकवायला नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, हे इथली पोरे तोंडपाठ सांगतात. तर आमच्याकडचा गाडा दुसऱ्या गाड्याशेजारी पळत नाही. एकेकाची बारी होते, घाटात गाडा सुटतो आणि घड्याळाचे सेकंद मोजतात. ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यतीची पहिली फेरी अशीच असते. स्वार एकटा ट्रॅकवर येतो, फेऱ्या मारत वेग वाढवतो आणि शेवटच्या दोनशे मीटरचा वेळ धरतात. जगातले चांगले पुरुष स्वार हे दोनशे मीटर नऊ-साडेनऊ सेकंदांत कापतात. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर, तेही नुसत्या पायांच्या जोरावर. त्या वेळेवरून क्रम लागतो आणि मग दोघा-दोघांच्या झुंजी. झुंजीत मात्र गंमत असते. सुरुवातीला दोघेही मुद्दाम हळू जातात. पुढच्याला वारा कापावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशाने दम राखतो, म्हणून पुढे जायला कुणी राजी नसते. कधी कधी तर जागच्या जागी सायकल तोलून उभे राहतात आणि मग एकदम झेप.

किरिन नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो जपानात १९४८ साली पैज लावण्याच्या शर्यती म्हणून सुरू झाला आणि २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात सगळ्या स्वारांपुढे एक मोटार लावलेली सायकल धावते, वेग वाढवत नेते आणि शेवटच्या फेऱ्या उरल्या की बाजूला होते. "म्हणजे आपली घोडी!" एक मुलगा ओरडला. बैलगाड्यापुढे घोडी पळते तशी. फरक इतकाच की आमची घोडी बाजूला होत नाही.

सर्वांत वेगवान गाड्याला या भागात 'घाटाचा राजा' म्हणतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यालाही हाच किताब. एकाच जिल्ह्यात बैलाला आणि सायकलस्वाराला एकच पदवी, याची आम्हांला मोठी मौज वाटते.

मुक्काम नारायणगावला होता. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. शेवटची वर्षे मात्र हलाखीची गेली आणि जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. हे सांगताना आमचे एक सहकारी म्हणाले, "बाईंचं नाव निघालंच आहे, तर त्या काळ्या सायकलवाल्याचंही सांगा." मग रात्री भाकरी-पिठले झाल्यावर मेजर टेलरची गोष्ट सांगितली. ती वाचकांनाही सांगावीशी वाटते, कारण सायकलच्या ट्रॅकवरचा हा जागतिक नायक आपल्यासारखाच वेशीबाहेर ठेवलेला होता.

मार्शल टेलर १८७८ साली अमेरिकेत इंडियानापोलिस गावी गरीब काळ्या कुटुंबात जन्मला. पोरवयात सायकलच्या दुकानापुढे शिपायाचा गणवेश घालून तो कसरती करायचा, म्हणून लोक त्याला मेजर म्हणू लागले. १८९४ साली अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने ठराव केला की सभासदत्व फक्त गोऱ्यांना. हॉटेलात खोली नाही, खाणावळीत पान नाही. १८९७ साली एका शर्यतीनंतर हरलेल्या गोऱ्या स्वाराने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध पाडले. तरी १८९९ साली माँट्रियल येथे एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये टेलर जगज्जेता झाला.

मग १९०१ चा हंगाम आला. त्या वर्षी टेलर युरोपला गेला. तेव्हा ट्रॅक सायकलिंग हा युरोपातला अफाट लोकप्रिय खेळ होता. गावोगावी ट्रॅक होते आणि शर्यतींना हजारोंची गर्दी लोटे. आज क्रिकेटचा हंगाम असतो तसा. रविवार हा प्रार्थनेचा दिवस म्हणून रविवारी पळणार नाही, अशी अट टेलरने घातली आणि आयोजकांना ती मानावी लागली. पॅरिसमध्ये १९०० सालचा जगज्जेता एदमों जॅकलँ याच्याशी त्याचा सामना १६ मे रोजी झाला. त्या दिवशी टेलर हरला, आणि जिंकलेल्या जॅकलँने नाकाला अंगठा लावून त्याला वेडावून दाखवले. अकरा दिवसांनी, २७ मे रोजी, पुन्हा सामना झाला. टेलरने दोन्ही फेऱ्या सरळ जिंकल्या.

त्याच १९०१ च्या सुमारास आपल्याकडे मसूर स्टेशनवर चार लेकरे बैलगाडीची वाट पाहत बसली होती. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवान तयार झाला, पण गाडी हाकायची मुलांनी आणि गाडीवान बाजूने चालणार. त्या मुलांतले एक भीमराव होते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा प्रवास लिहून ठेवला आहे. मुलांना तो ठाऊक होता. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

टेलरचा शेवटही सांगावा लागला. १९१० मध्ये तो निवृत्त झाला, पैसा गेला, स्वतः छापलेले आत्मचरित्र दारोदार विकत फिरला आणि १९३२ साली शिकागोच्या सरकारी रुग्णालयातल्या धर्मार्थ विभागात वारला. पुरला तोही बेवारशासारखा. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष काढून चांगल्या जागी पुरले आणि वर नावाचा फलक लावला. "आणि ज्यानं गळा दाबला त्याचं काय झालं?" असे एका मुलीने विचारले. त्याला दंड झाला आणि इतर स्वारांनी वर्गणी करून तो भरला, हे उत्तर तिला मुळीच आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नर. बाजारपेठेतून पुढे लेण्याद्रीच्या पायथ्याशी सायकली लावल्या आणि तीनेकशे पायऱ्या चढलो. सहावे लेणे हे चैत्यगृह. त्यातल्या स्तूपासमोर मुले आपोआप बसली. शेजारचे सातवे लेणे भिक्खूंचे निवासस्थान, तिथे आता गणपती आहे. गर्दी सगळी तिकडे. असो. जुन्नरच्या चारही दिशांच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतले शिलालेख आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसाला फार बोलके वाटतात. दान देणाऱ्यांत राजे थोडे. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, कासारांची आहे. म्हणजे बुरूड आणि कासार यांच्या संघटना इतक्या पतवान होत्या की लोक त्यांच्याकडे ठेव ठेवत आणि तिच्या उत्पन्नातून संघाची सोय होई. तीन यवन दात्यांचीही नावे आहेत. पाण्याचे टाके, भोजनमंडप अशी त्यांची दाने. नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांचा माल वर यायचा आणि त्याबरोबर परदेशी माणूसही इथे यायचा.

आजचा ट्रॅकचा हंगामही देशोदेशी फिरतो. २०२४ सालचे उदाहरण घ्या. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात ॲडलेडला नेशन्स कप, त्याच महिन्यात दिल्लीत आशियाई अजिंक्यपद, मार्चमध्ये हाँगकाँग, एप्रिलमध्ये कॅनडात मिल्टन, ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिक आणि ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमध्ये बॅलेरपला जागतिक अजिंक्यपद. एकेका ठिकाणी मिळणाऱ्या गुणांवर पुढचा दरवाजा उघडतो. म्हणजे नुसते वेगवान असून चालत नाही, तिथे वेळेवर पोचावे लागते. विमानभाडे, स्वाराबरोबर जाणारा तंत्रज्ञ, खोक्यात बांधलेल्या सायकली. स्पर्धेच्या दर्जाची एक सायकल काही लाखांची. लेण्याच्या पायरीवर बसून आम्ही हा खर्च मांडू लागलो, तेव्हा आमचे सहकारी म्हणाले, "बुरुडांची श्रेणी हवी होती आता."

तरी आपल्या मुली तिथे पोचल्या आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे यांनी त्रियशा पॉलसोबत जून २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे कांस्य मिळवले. त्याच वर्षीच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतही त्या उतरल्या. त्या शर्यती लंडनच्या ट्रॅकवर झाल्या. त्याच दिल्लीच्या स्पर्धेत मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने स्प्रिंटचे रौप्य मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदके मिळवली. भंडारा, कोल्हापूर, मणिपूर. मुलांनी ही नावे वहीत लिहून घेतली. पुण्यामुंबईची नावे न सांगता आम्ही मुद्दाम हीच सांगितली.

दुपारी टेंपोत सायकली टाकून पुण्याकडे निघालो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत शिरलो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभारली, तेव्हाचाच हा ट्रॅक. सिमेंटचा आणि उघड्यावरचा. दिल्लीचा लाकडी आणि छपराखालचा आहे, तसा हा नव्हे. पण मुले वळणापाशी गेली आणि थबकली. फोटोत तो उतार कळतच नाही. वळणावर जमीन भिंतीसारखी उभी राहते. लाकडी अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर तर हा उतार बेचाळीस अंशांच्या वर जातो. वेगाने वळणारा स्वार बाहेर फेकला जाऊ नये म्हणून ही योजना. वेग कमी झाला की मात्र तो खाली घसरणार. एका मुलाने चप्पल काढून वर चढायचा प्रयत्न केला आणि बसून खाली आला.

तिथे सराव चालू होता. प्रशिक्षक बाई भल्या होत्या. ट्रॅकवर नवख्याला जाऊ देत नाहीत, ते योग्यच. पण आतल्या सपाट जागेत त्यांनी एक सायकल दोन्ही बाजूंनी धरून मुलांना आळीपाळीने बसवले. या सायकलीचे मागचे चाक आणि पायडल एकमेकांशी पक्के जोडलेले असतात. चाक फिरते तोवर पाय फिरणारच. थांबायचे तर पायांनीच वेग आवरायचा, म्हणून ब्रेक नाही. आमची डिंभ्याची मुलगी बसली तेव्हा सीट खाली घेतली, आयुष्यात पहिल्यांदा तिचे पाय बसून पायडलला पुरले. वीसेक मीटर गेली आणि ओरडली, "काका, पाय थांबतच न्हाईत की!" बाई हसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी हात सोडला आणि नुसत्या शेजारून धावल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारले, "बाळ, वय किती तुझं?" मग आम्हांला बाजूला घेऊन त्यांनी निवड चाचण्या, निवासी प्रशिक्षण, लागणारे दाखले असे सगळे सांगितले आणि म्हणाल्या, "आईवडिलांना घेऊन या. मुलीला एकटीला आणू नका, त्यांनाही हे दिसलं पाहिजे."

संध्याकाळी मुलीला वाडीवर पोचवायला आम्ही दोघे गेलो. तिच्या वडिलांनी ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग एकेक प्रश्न आला. राहायचे कुठे? जेवायला काय मिळते? शाळा बुडते का? पडली तर दवाखाना कोण बघणार? तिथे आणखी मुली आहेत का, आणि रात्री त्यांच्याजवळ बाईमाणूस असते का? आम्हांला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले, बाकीचे कागदावर उतरवून घेतले. आजी आत चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पोरगी येगात पळती खरी. पर हिरडा कोण येचणार?"

वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणता म्हणून पाठवायची न्हाय मी. मला जागा बघू द्या. हिरडा वेचून झाला की मी आन् तिची आई येतो. तुम्ही संगं चला."

आम्ही रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जन्माचा दाखला आणि शाळेचा बोनाफाईड अशी चार कागदांची यादी करून दिली. जातीचा दाखला घोडेगावहून काढायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात भरून घेतला. वीज गेलेली होती.